अर्धा कागद ब्रुसेल्सला, अर्धा न्यूयॉर्कला

परवा मामेभावाच्या साखरपुड्यात मावशीने मला गाठलंच. "तुझं ते पीएचडीचं अजून चालूच आहे का गं? विषय तरी काय आहे?"

मी माझं नेहमीचं पाठ केलेलं वाक्य म्हटलं. प्राचीन इजिप्तचा अभ्यास व्हावा म्हणून युरोपातल्या संग्रहालयांच्या आधाराने ज्या संस्था निघाल्या, त्यांचा इतिहास.

"म्हणजे इजिप्तचा नाही, इजिप्तवाल्यांच्या मंडळांचा?"

"हो."

"वर्गणी काढतात का ती मंडळं?"

"काढतात."

"मग आपल्या गणपती मंडळासारखंच की."

आजूबाजूचे सगळे हसले, मीही हसले. पण घरी आल्यावर वाटलं की मावशीने मुद्द्यालाच हात घातला होता. वर्गणी, देणग्या, कार्यकारिणी, वार्षिक अहवाल यांतून ज्ञान तयार होतं का? की नुसती हौस भागते? माझ्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात मी एक वाक्य लिहून ठेवलं होतं : "या संस्था मुख्यत्वे उच्चवर्गीयांच्या छंदाच्या जागा होत्या." ते वाक्य मला या वर्षी बदलावं लागलं. ते का बदललं, हे सांगण्यासाठी आजची पोस्ट. त्यात एक राणी आहे, एक पोकळ लाकडी पुतळा आहे आणि तीन हजार वर्षांपूर्वीचा एक चोर आहे.

राणी थडग्यात उतरते

नोव्हेंबर १९२२ मध्ये हॉवर्ड कार्टरला तुतानखामुनचं थडगं सापडलं, हे आपण शाळेपासून ऐकत आलोय. आतली दफनाची खोली १६ फेब्रुवारी १९२३ ला उघडली आणि दोन दिवसांनी तिचं औपचारिक उद्घाटन झालं. त्या दिवशी हजर असलेल्या पाहुण्यांत बेल्जियमची राणी एलिझाबेथ होती. (इंग्लंडची नव्हे. नावामुळे बऱ्याच जणांचा घोटाळा होतो.) तिच्याबरोबर माहिती सांगायला होता ज्याँ कापार, म्हणजे ब्रुसेल्सच्या रॉयल म्युझियम्स ऑफ आर्ट अँड हिस्टरी या संग्रहालयातल्या इजिप्त विभागाचा प्रमुख.

कापार मुळात कायद्याचा माणूस. पदवी कायद्याची, आणि तरुणपणी त्याने लिहिलं तेही प्राचीन इजिप्तमधल्या फौजदारी कायद्यावर. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

राणी भारावून परतली. राजघराण्यातली माणसं परदेशी जातात, भारावतात, आणि पुढे फार काही होत नाही. इथे मात्र कापारने ती संधी पकडली. त्याच वर्षी, १९२३ मध्ये, राणीच्या नावाने एक संस्था सुरू झाली : 'क्वीन एलिझाबेथ इजिप्टॉलॉजिकल फाउंडेशन'. तिचं बिऱ्हाड थाटलं गेलं संग्रहालयातच. आज तिच्या नावात 'फाउंडेशन'ऐवजी 'असोसिएशन' आहे, बाकी नातं तेच.

अशी ही पहिलीच संस्था नव्हती. लंडनमध्ये १८८२ साली अमेलिया एडवर्ड्स ही लेखिका आणि ब्रिटिश म्युझियममधले रेजिनल्ड स्टुअर्ट पूल यांच्या पुढाकाराने 'इजिप्त एक्स्प्लोरेशन फंड' निघाला होता (आता त्याला 'सोसायटी' म्हणतात). त्या संस्थेचा भर उत्खननावर होता. लोकांनी पैसे द्यायचे, संस्थेने खणायचं, आणि इजिप्तच्या परवानगीने वाट्याला आलेल्या वस्तू संग्रहालयांना वाटायच्या. ब्रुसेल्सच्या संस्थेने पुढे १९३७ पासून अल कब इथे उत्खनन केलं खरं, पण तिची पहिली चौदा वर्षं खणण्यात गेली नाहीत. मला रस आहे तो या चौदा वर्षांत.

मग चौदा वर्षं केलं काय?

थोडक्यात सांगायचं तर पुस्तकं जमवली आणि कागद छापले.

संस्थेने ग्रंथालय उभं केलं. सर्वसामान्य लोकांसाठी व्याख्यानं ठेवली. १९२५ च्या अखेरीस 'क्रोनिक देजिप्त' हे नियतकालिक सुरू केलं, ते अजून निघतं. १९३० मध्ये ब्रुसेल्सला पपायरसच्या अभ्यासकांना एकत्र बोलावलं. त्या विषयाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद म्हणून आज तीच मोजली जाते.

आणि मग कार्डं. १९३२ पासून मार्सेल ओंबेर आणि क्लेर प्रेओ या दोघांनी जगभरात पपायरसवर जे काही प्रसिद्ध होईल त्याची नोंद छापील कार्डांवर करायला सुरुवात केली. ती कार्डं वर्गणीदारांना पोस्टाने जायची. ग्रंथालयाने ती खणात ओळीने लावायची, की झाली सूची तयार. आपण आज सर्च बॉक्समध्ये दोन शब्द टाकतो त्याचं हे पोस्टातलं रूप. ती सूची आता डिजिटल झाली आहे, पण बंद पडलेली नाही.

चौथं काम मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, आणि ते समजण्यासाठी लिपीबद्दल थोडं सांगायला हवं. देवळाच्या भिंतींवर दिसतात ती चित्रं म्हणजे हायरोग्लिफ. रोजच्या कारभारात कारकून ती काढत बसत नसत. ते बोरूने पपायरसवर झरझर लिहीत, त्या वळणाला हायरॅटिक म्हणतात. आपल्याकडच्या लोकांना हे समजावणं सोपं आहे : बाळबोध आणि मोडी. भाषा तीच, पण कारकुनाचा हात वेगात धावायला लागला की अक्षरं एकमेकांत गुंततात आणि प्रत्येकाचं वळण वेगळं होतं. मोडी कागद अभ्यासाला घ्यायचा तर आधी कुणीतरी त्याचं देवनागरीत लिप्यंतर करतं. तसंच हायरॅटिक मजकुराचं आधी हायरोग्लिफमध्ये लिप्यंतर करतात, मग भाषांतर.

हे काम करणारी माणसं जगात मोजकी. त्यांतले बिनीचे ॲलन गार्डिनर. ब्रुसेल्सच्या संस्थेने 'बिब्लिओथेका एजिप्तियाका' नावाची ग्रंथमाला सुरू केली आणि तिचा पहिला खंड होता गार्डिनर यांनी संपादित केलेल्या उत्तरकालीन इजिप्शियन भाषेतल्या कथा (१९३२). पुस्तकातली चिन्हं गार्डिनर यांच्या हस्ताक्षरात आहेत आणि पानं तशीच्या तशी छापली आहेत. असं पुस्तक विकून कुणी श्रीमंत होत नाही. व्यापारी प्रकाशक अशा कामाला सहसा हात लावत नाही, म्हणून ते संस्थेकडे येतं. पण विद्यार्थ्याच्या टेबलावर ते पुस्तक असलं, की मूळ पपायरस कुठल्या देशात आहे याने फारसं अडत नाही.

पुतळ्याच्या पोटात

आता १९३५ चा फेब्रुवारी महिना.

बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड गादीवर येण्याआधी इजिप्तला जाऊन आला होता आणि तिथून त्याने पुराणवस्तू आणल्या होत्या. (हाच तो काँगोवाला लिओपोल्ड, ज्याच्या राजवटीत रबरासाठी तिथल्या माणसांवर भयंकर अत्याचार झाले.) त्या वस्तू राजघराण्याकडून संग्रहालयात आल्या. कापार त्या तपासत होता. त्यात खाय नावाच्या माणसाचा एक लाकडी पुतळा होता. पुतळा आतून पोकळ केलेला, आणि त्या पोकळीत पपायरसची एक गुंडाळी.

गुंडाळी उलगडली तर हायरॅटिक मजकूर. प्रत्येक स्तंभाचा फक्त वरचा भाग होता, खालचा भाग नव्हता. विषय : थडगी फोडणाऱ्या चोरांची चौकशी, रामसेस नववा या राजाच्या कारकिर्दीचं सोळावं वर्ष, म्हणजे इसवी सनापूर्वी साधारण १११०.

कापारने ओळखलं. कारण खालचा भाग आधीपासून जगाला माहीत होता. तो 'ॲम्हर्स्ट पपायरस' म्हणून प्रसिद्ध होता. इंग्लंडमध्ये नॉरफोकच्या डिडलिंग्टन हॉल या वाड्यात लॉर्ड ॲम्हर्स्ट यांचा मोठा संग्रह होता, त्यातला हा. (लहानपणी हॉवर्ड कार्टरला इजिप्तची गोडी लागली ती हाच संग्रह पाहून.) नंतर तो पपायरस न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीत गेला. १८९९ मध्ये पर्सी न्यूबेरी यांनी आणि १९३० मध्ये टी. एरिक पीट यांनी तो प्रसिद्ध केला होता. पीट यांनी तर थडगेचोरीच्या अशा सगळ्या खटल्यांचे कागद गोळा करून दोन खंडांचा ग्रंथच केला. त्यात ॲम्हर्स्टची वाक्यं अधांतरी सुरू होतात, कारण वरचा भाग नाही. पीट फेब्रुवारी १९३४ मध्ये वारले. वरचा भाग निघाला त्यानंतर एका वर्षाने.

आता हे दोन तुकडे एकत्र कसे वाचायचे ते बघा. पहिला स्तंभ ब्रुसेल्सच्या तुकड्यावर सुरू होतो आणि न्यूयॉर्कच्या तुकड्यावर संपतो. दुसऱ्या स्तंभासाठी पुन्हा वर, ब्रुसेल्सला. मग पुन्हा खाली, न्यूयॉर्कला. प्रत्येक स्तंभाला एक अटलांटिक महासागर. म्हणजे प्रत्यक्षात मूळ कागद शेजारी शेजारी ठेवण्याची गरज नाही, पण दोन्हींचे चांगले फोटो, दोन्हींचं लिप्यंतर आणि ते वाचू शकणारी माणसं एका टेबलाशी हवीत. कापार, गार्डिनर आणि बोदुअँ व्हान द वाल या तिघांनी ते केलं. त्यांचा लेख १९३६ मध्ये छापला गेला तो लंडनच्या त्या दुसऱ्या संस्थेच्या नियतकालिकात.

चोराचा जबाब

एवढं करून हाती काय आलं? एका माणसाचा आवाज.

त्याचं नाव अमेनपानुफेर. आमोन देवाच्या देवळाकडे काम करणारा पाथरवट. तो सांगतो, की काही वर्षांपूर्वी आम्ही नेहमीप्रमाणे थडगी फोडायला निघालो. 'नेहमीप्रमाणे' हे त्याच्याच बोलण्यातलं. आठ जण होते. तांब्याच्या छिन्न्यांनी वाट खोदत ते सोबेकेमसाफ या राजाच्या पिरॅमिडमध्ये शिरले. हा राजा चोरीच्या वेळीही चारेकशे वर्षं जुना होता. राजाच्या गळ्यात सोन्याचे ताईत आणि दागिने होते, चेहऱ्यावर सोन्याचा मुखवटा. त्याची राणी नुबखास जवळच होती. सोनं काढून घेतलं आणि शवपेट्यांना आग लावली.

वाटणी झाली : एकूण १६० देबेन, प्रत्येकी २०. एक देबेन म्हणजे साधारण ९१ ग्रॅम. एकूण साडेचौदा किलोच्या आसपास, आणि एकेकाच्या वाट्याला जुन्या तोळ्याच्या हिशेबानं दीडशे तोळ्यांच्या वर.

पुढचा भाग तिसऱ्या स्तंभाच्या वरच्या टोकाला येतो, म्हणजे तो ब्रुसेल्सच्या तुकड्यामुळेच आपल्याला कळला. नदी ओलांडून ते थीब्ज शहरात आले. काही दिवसांनी अधिकाऱ्यांना कुणकुण लागली आणि अमेनपानुफेर पकडला गेला. मग त्याने आपल्या वाट्याचं सगळं सोनं, वीसच्या वीस देबेन, खाएमओपे नावाच्या घाटावरच्या कारकुनाला दिलं. कारकुनाने त्याला सोडून दिलं. तो परत साथीदारांकडे गेला. त्यांनी त्याचं नुकसान भरून दिलं. आणि सगळे पुन्हा कामाला लागले. जबाबाच्या शेवटी तो म्हणतो की आम्ही आजपर्यंत हेच करतोय, आणि या भागातले इतर कितीतरी लोकही करतात.

हा जबाब मारहाण करून घेतलेला आहे, हे विसरून चालणार नाही. तेव्हाच्या चौकशीत काठी ही पद्धतच होती. त्यामुळे प्रत्येक शब्द जसाच्या तसा धरता येत नाही. पण मुख्य घटनेला दुसरा पुरावा आहे. ब्रिटिश म्युझियममध्ये असलेला ॲबट पपायरस हा त्याच वर्षीच्या सरकारी पाहणीचा अहवाल आहे. दहा राजांची थडगी तपासली, नऊ शाबूत, एक फोडलेलं. ते एक म्हणजे सोबेकेमसाफचं.

लंडनच्या कागदावर सरकारचं म्हणणं, न्यूयॉर्क आणि ब्रुसेल्सच्या कागदावर चोराचं. सरकारी अहवाल वाचला तर वाटतं, दहात एक म्हणजे फार काही बिघडलेलं नाही. जबाब वाचला तर कळतं की पाथरवट, कारकून, नाविक, शहरातले कितीतरी हात त्यात होते. देवळाच्या भिंतींवर हे कुणी कोरून ठेवलं नसतं.

"पुरावा काय?"

हे सगळं मी उत्साहाने लिहून गाईड मॅडमना दिलं. निष्कर्ष असा : संस्था नसती तर तुकडे जुळले नसते.

मॅडमनी समासात दोनच शब्द लिहिले : "पुरावा काय?"

बरोबरच होतं. १९३५ मध्ये कापार पस्तीस वर्षं या विषयात होता. न्यूबेरी आणि पीट यांचं काम त्याला संस्थेशिवायही माहीत असणार. पुतळा संग्रहालयात आला तो राजघराण्याकडून, वर्गणीतून नव्हे. म्हणजे शोधाचं श्रेय थेट संस्थेला देता येत नाही. मी दोन गोष्टी एकाच इमारतीत घडल्या म्हणून त्यांना एकमेकींचं कारण ठरवलं होतं. पीएचडीत ही चूक प्रत्येक जण एकदा तरी करतो.

मग म्हणता येईल ते काय? मला वाटतं इतकं : ओळखण्यासाठी एक माणूस लागतो, पण एका माणसाने ओळखलेलं सगळ्यांना तपासता यावं यासाठी यंत्रणा लागते. खालचा तुकडा छापलेला नसता तर वरचा तुकडा म्हणजे नुसतं एक कोडं होतं. आणि वरचा तुकडा झटपट छापला गेला नसता तर कापारचं ओळखणं ही एका संग्रहालयातली गोष्ट राहिली असती. छापायचं, सूचीत नोंदवायचं, दुसऱ्या शहरातल्या अभ्यासकाला कळवायचं, हे वर्षानुवर्षं चालू ठेवण्याचं काम त्या काळात अशा संस्था करत होत्या. त्यांची कार्डं आणि खंड शोधकथेत येत नाहीत, इतकंच.

आपल्याला हे नवं नाही. १९१० साली पुण्यात वि. का. राजवाडे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं, त्यामागे हीच निकड होती. दप्तरं घरोघरी पडलेली, वाळवी लागायच्या आत ती जमवायची, वाचायची, छापायची.

टेबलाशी कोण नव्हतं

एक बाजू मात्र इथे जुळत नाही. पुण्याच्या मंडळात आपले लोक आपले कागद वाचत होते. ब्रुसेल्सच्या त्या टेबलाशी इजिप्तचं कुणी नव्हतं.

इजिप्तमध्ये माणसं नव्हती असं नाही. अहमद कमाल यांनी कैरोच्या संग्रहालयात आयुष्य काढलं, प्राचीन भाषेचा प्रचंड कोश रचला, इजिप्शियन तरुणांना हे शास्त्र शिकवण्याची व्यवस्था व्हावी म्हणून सतत झगडले. पुरातत्त्व खात्याची सूत्रं तेव्हा फ्रेंच अधिकाऱ्यांच्या हातात होती. कमाल वारले १९२३ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी राणी थडग्यात उतरली आणि ब्रुसेल्सची संस्था जन्मली त्याच वर्षी.

एका भावी राजाने आणलेला पुतळा, एका लॉर्डने जमवलेला तुकडा, आणि दोन्हींवर मजकूर कसला, तर दुसऱ्याचं थडगं फोडून वस्तू नेल्याचा. ही विसंगती कापारला जाणवली असेल का, यावर प्रबंधात लिहिता येत नाही. इथे लिहिते.

तर दुसऱ्या प्रकरणातलं ते वाक्य आता असं आहे : "या संस्था उच्चवर्गीयांच्या छंदातून सुरू झाल्या, पण त्यांनी उभी केलेली ग्रंथालयं, सूची आणि छापील संहिता यांवर पुढचं संशोधन उभं राहिलं, आणि त्या टेबलाशी कोणाला जागा मिळाली नाही हेही त्याच इतिहासाचा भाग आहे." मॅडम म्हणाल्या, वाक्य लांब झालंय. झालंय खरं, पण त्यातलं काय काढायचं ते अजून ठरत नाही.

पुढच्या पोस्टमध्ये अल कबचं उत्खनन. तोवर तुमच्या गावातल्या वाचनालयात किंवा एखाद्या मंडळात जुनी हस्तलिखित सूची, नोंदवही, कार्डांचं कपाट असं काही पाहिलं असेल तर नक्की कळवा. मावशीला तिच्या प्रश्नाचं उत्तर मी फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "सोनं त्या कारकुनालाच पचलं म्हणजे!"